संमेलनाची तारीख अन् तुरीची रास



आधी पीकपाणी सांगतो. हरभरा घाटे भरायला लागलाय. कामगंध सापळ्यात परवा सहा पतंग होते, काल नऊ, आज नऊ. सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग दिसले की सावध व्हायचं, म्हणून उद्या सकाळी ओळीतून फिरून अळ्या मोजणार आहे अन् मगच फवारणीचं ठरवणार. पक्षी थांब्यांवर कोतवाल पक्षी बसतायत, ते आपलं काम करतायत. तूर कापून ढीग लावलाय, मळणीयंत्राचा नंबर परवाचा आहे. या आठवड्यात लाईट रात्रीची. त्यामुळे ही नोंद मोटारीच्या खोपटात बसून लिहितोय, पाणी दुसऱ्या तासाला पोचेपर्यंत.

आज विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. कृषी खात्यातल्या अन् विद्यापीठातल्या मित्रांनी तर नक्की वाचा.

परवा संध्याकाळी आमच्या भागातल्या साहित्य संमेलनाच्या संयोजन समितीची चार माणसं घरी आली. माणसं चांगली आहेत. दोघं शिक्षक, एक दुकानदार, एक माझा वर्गमित्र. स्वतःचं पेट्रोल जाळून गावोगाव फिरतात. चहा झाला, पावतीपुस्तक निघालं. मग वर्गमित्र म्हणाला, "अण्णा, वर्गणी तर आहेच, पण ग्रंथदिंडीला एक सजवलेली बैलगाडी बघा. गेल्या वर्षी तुमच्या शेजारच्या आबांची होती तशी."

मी म्हणालो, आज पावती फाडू नका, दोन दिवस द्या, विचार करून सांगतो. तोच विचार इथे लिहितोय.

गेल्या वर्षीची गाडी

आबा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेजारी. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी मोट हाकलेला आमच्या शिवारातला बहुधा शेवटचा माणूस. मोटेवरची गाणी, जोंधळा काढतानाची भलरी, त्यांना तोंडपाठ. कुठल्या गाण्याला बैल धावेवर मागं सरतात अन् कुठल्या गाण्याला खाली उतरतात, हे ते हातानं दाखवत सांगायचे. नाडा, धाव, थारोळं हे शब्द माझ्या मुलाला त्यांच्यामुळे माहीत झाले, शाळेमुळे नाही.

संमेलन जानेवारीच्या मध्यावर होतं. आबांना सांगितलेलं, सकाळी आठला गाडी घेऊन या. पोळ्याला सजवतात तशी त्यांनी बैलं सजवली. झूल, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना रंग. पाहुणे यायला उशीर झाला, दिंडी निघाली साडेदहाला. गाडीत पालखी, पालखीत ग्रंथ, मागं शाळेची पोरं अन् डोक्यावर कलश घेतलेल्या बाया. मंडपाच्या दारात दिंडी पोचली, फोटो झाले. मग एक कार्यकर्ता येऊन म्हणाला, "आबा, गाडी बाजूला घ्या, पाहुण्यांच्या गाड्या लावायच्यात."

आबा गाडी घेऊन घरी आले. मी तेव्हा शेतातच होतो, पाणी देत. त्यांनी बैलं सोडली, झुली घडी करून ठेवल्या अन् मला म्हणाले, "मला वाटलं, काहीतरी म्हणायला लावतील."

त्याच दुपारी त्याच मंडपात लोकसाहित्य कसं जपावं यावर परिसंवाद होता. वक्ते तीन, अध्यक्ष एक. मोटेची गाणी आता ऐकायला मिळत नाहीत, अशी खंत तिथे व्यक्त झाली म्हणे. मोटेची गाणी येणारा माणूस तिथून सहा किलोमीटरवर बैलांना वैरण टाकत होता.

यात समितीला एकट्याला दोष देणार नाही. माझ्या खिशात मोबाईल होता. मी आबांना किती वेळा म्हटलं असेन, "आबा, एक दिवस बसू, सगळं भरून घेऊ." आधी तुरीची रास होऊ दे म्हटलं, मग हरभरा निघू दे म्हटलं, मग पेरणी उरकू दे म्हटलं. भाद्रपदात आबा गेले. माझ्याकडे त्यांची एक मिनिट दहा सेकंदांची चित्रफीत आहे, तीही बैलाच्या खुराला झालेली जखम डॉक्टरांना दाखवायला काढलेली. आवाज मागून येतोय, "अरं, हळू."

तारखा बघा

आता मुद्द्यावर येतो. संमेलनाला शेतकरी येत नाहीत, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. व्यासपीठावरूनच ऐकू येते. समोर बसलेले असतात शिक्षक, शाळेची पोरं, निवृत्त मंडळी अन् पुढाऱ्याबरोबर आलेली माणसं. विषय मात्र शेतकऱ्याचं दुःख.

साहित्याच्या सरकारी अन् बिनसरकारी कॅलेंडरावर एकदा पीक कॅलेंडर ठेवून बघा. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. त्या आठवड्यात आमच्याकडे सोयाबीन काढून ढिगावर असतं, वर पावसाची भीती, अन् खाली ओल उडायच्या आत हरभरा पेरायची घाई. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. तूर मळणीला, कापसाची वेचणी चालू, उसाच्या पट्ट्यात तोडणीची टोळी दारात. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. हरभरा काढणीला, ज्वारी काढणीला. अखिल भारतीय संमेलनं बघितली तरी तेच. यवतमाळ जानेवारी २०१९, वर्धा फेब्रुवारी २०२३, अमळनेर फेब्रुवारी २०२४. उदगीरचं २०२२ चं संमेलन एप्रिलात झालं, रब्बी उरकलेली होती, पण मराठवाड्यातलं एप्रिलचं दुपारचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

थोर माणसांचे जन्मदिवस आपण बदलू शकत नाही, ते कबूल. पण कार्यक्रम त्याच दिवशी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच याच वेळेत झाला पाहिजे, असा कुठे कायदा आहे? ही ऑफिसची वेळ आहे. दूध काढायची, धारा उरकायची, लाईट यायची, मजुराला रानात सोडायची वेळ यात कुठेच बसत नाही.

आपल्या आजा-पणजांचं बघा. पोथी कधी लागायची? श्रावणात. हरिविजय, पांडवप्रताप, नवनाथ भक्तिसार. पेरण्या झालेल्या, कोळपणी-खुरपणीचा पहिला हिसका उरकलेला, रानात चिखल, संध्याकाळी माणूस मोकळा. जत्रा-तमाशा कधी? चैत्र-वैशाखात, रब्बीचं धान्य घरात आल्यावर, खिशात चार पैसे अन् अंगणात चांदणं असताना. वेळ नेहमी रात्रीची, जेवणखाण झाल्यावर. त्या लोकांना वेळापत्रक करायला समिती लागली नाही. ऐकणारा माणूस कधी मोकळा असतो, हे त्यांना ठाऊक होतं, कारण ऐकणारे अन् भरवणारे एकाच गावचे होते.

शेतकरी ऐकायला की बोलायला?

दुसरा मुद्दा तारखेपेक्षा मोठा आहे. शेतकरी या कार्यक्रमात कशासाठी असतो? सजावटीला, की टाळ्यांना, की बोलायला?

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा केला. छापायच्या आधी त्यातले भाग त्यांनी लोकांना वाचून दाखवले. पुण्या-मुंबईत तर वाचलेच, पण जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीही वाचले. बडोद्याच्या सयाजीरावांनीही तो ऐकला. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्यासमोर आधी वाचायचं, ही पद्धत आपल्याकडे एवढी जुनी आहे. अन् ग्रंथकारांच्या संमेलनाची सुरुवात १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे अन् लोकहितवादी यांच्या पुढाकारानं झाली. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचं बोलावणं फुल्यांना आलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. शूद्र-अतिशूद्रांच्या हक्काची कदर नसलेल्यांच्या सभांशी अन् पुस्तकांशी आमचं जुळत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. सव्वाशेवर वर्षं झाली. संमेलनं खूप बदलली, अध्यक्षपदी ग्रामीण अन् दलित लेखक आले, हे मान्य. तरी मंडपाच्या दारातून बैलगाडी परत पाठवायची सवय गेली नाही.

यवतमाळचं संमेलन आठवा. आधी नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं, मग ते निमंत्रण मागं घेतलं, राज्यभर गदारोळ झाला. शेवटी उद्घाटन केलं आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनं, त्याच जिल्ह्यातल्या. मी ते भाषण मोबाईलवर ऐकलं. मोठमोठ्या अध्यक्षीय भाषणांतलं मला काही आठवत नाही, हे आठवतं. पण माझ्या मनात तेव्हाही आलं अन् आजही येतं: आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यात संमेलन भरतंय, तर ही बाई पहिल्याच निमंत्रणाची मानकरी का नव्हती? ती आली ती दुसऱ्याची जागा रिकामी झाल्यावर.

बायांचंही असंच. ग्रंथदिंडीत कलश बायांच्या डोक्यावर, अन् दिंडी संपली की बऱ्याचजणी थेट भोजनमंडपाच्या मागं पोळ्या लाटायला. हेमा राईरकर अन् गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. ही सगळी रचना शेतातून घरी येऊन पहाटे दळण दळणाऱ्या बायांची. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी उतरवून ठेवली म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तक आलं. नाहीतर आपल्याला बहिणाबाई हे नावही माहीत झालं नसतं. अशा किती जणी कोणी न उतरवल्यामुळे गेल्या असतील, त्याचा हिशोब कोण मांडणार?

शेतीशाळेकडून शिका

कृषी खात्यातल्या मित्रांनो, तुम्ही हे सगळं एकदा भोगलेलं आहे. पूर्वी तालुक्याला मेळावा व्हायचा, मंडप, हार, चार भाषणं, पत्रकं, जेवण. शेतकरी जेवून घरी. मग शेतीशाळा आली. ही कल्पना १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या प्रश्नातून सुरू झाली. तिच्यातली गंमत काय? वर्ग शेताच्या बांधावर. तारखा पिकाच्या अवस्थेप्रमाणे. पेरणीपासून काढणीपर्यंत तोच गट पुन्हा पुन्हा भेटतो. प्रशिक्षक सांगत नाही, विचारतो. शेतकरी झाड बघतो, किडी मोजतो, चित्र काढतो, मग सगळे मिळून ठरवतात.

गाडगेबाबांचं कीर्तन तरी वेगळं काय होतं? दिवसा गावात झाडू, रात्री कीर्तन, अन् कीर्तनात बाबा प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे. माणूस ऐकायला यायचा अन् बोलून जायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की खेड्यातला साहित्याचा कार्यक्रम मेळाव्यासारखा न करता शेतीशाळेसारखा करावा. लहान, वारंवार, हंगाम बघून, माणसाच्या दारात, अन् त्याला बोलतं करणारा.

आमचा श्रावणातला प्रयोग

नुसतं बोलत नाही, करून बघितलंय. आबा तेव्हा होते. गेल्या श्रावणात आम्ही पाच-सहा जणांनी मारुतीच्या सभामंडपात पुस्तक वाचायचं ठरवलं. वेळ रात्री आठ ते नऊ, डेअरीला दूध घालून झाल्यावर. पुस्तकं गावच्याच वाचनालयाची. राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. आमचं ड वर्गातलं, ग्रामपंचायतीशेजारच्या एका खोलीत. कपाटाचं कुलूप गंजलेलं, त्याला डिझेल सोडावं लागलं.

पहिला प्रयोग फसला, तोही सांगतो. मी उत्साहात एक कवितासंग्रह निवडला. शहरी, कठीण. पहिल्या रात्री अकरा माणसं, तिसऱ्या रात्री सहा, त्यात एक आबा अन् ते डुलक्या घेत होते. दोष माझा. जमीन न बघता वाण निवडला.

मग सदानंद देशमुखांची 'बारोमास' घेतली. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी, शिकून नोकरीविना घरी बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराची, कर्जाची, घरातल्या ताणाची. नववीतली एक मुलगी वाचायची, तिचा आवाज खणखणीत. पुस्तकातली बोली बुलढाण्याकडची, आमची वेगळी, त्यामुळे अधूनमधून थांबून शब्दांवर चर्चा. "आमच्याकडं याला असं म्हणतात." आबा जागे राहायला लागले. बाया आधी मंडपाबाहेर उभ्या राहून ऐकायच्या, आठवडाभरानं आत येऊन बसल्या. शेवटी शेवटी तीस-पस्तीस माणसं व्हायची. गाव केवढं, तर दोनशे उंबऱ्यांचं.

एका रात्री एक पोरगा बोलला. तीन वर्षं शहरात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेला, आता घरी. गावात कोणाशी बोलत नव्हता. म्हणाला, "माझं आता परीक्षेत मन नाही. मला शेळ्या पाळायच्यात. पण घरी कसं सांगू कळत नाही." त्याचे वडील चार हातांवर बसलेले. कोणी काही बोललं नाही, मुलीनं पुढचं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील माझ्याकडे आले अन् विचारलं, "वीस शेळ्यांच्या गोठ्याला किती पत्रे लागतील?"

आणखी एक. आमचे कृषी सहायक एका रात्री येऊन बसले. कादंबरीत रोगराईचा विषय निघाला अन् एकजण म्हणाला, औंदा सोयाबीनवर हळद्या लई पडलाय. साहेबांनी विचारलं, हळद्या म्हणजे? मग उलगडा झाला की आम्ही ज्याला हळद्या म्हणतो तोच त्यांच्या पत्रकातला पिवळा मोझॅक. ते दोन वर्षं पत्रकं वाटत होते, आम्ही दोन वर्षं हळद्याचा उपाय शोधत होतो. त्या रात्री दहा मिनिटांत पांढऱ्या माशीचं अन् रोगट झाडं उपटून टाकण्याचं बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी लोक खरंच रानात उपटायला गेले.

म्हणून "कथा-कवितेनं उतारा वाढतो का?" असं विचारणाऱ्या मित्रांना माझं सांगणं: नाही वाढत. पण तुमची शिफारस अन् आमचं कान यांच्यामध्ये भाषाच उभी आहे. चोपण, भरकाड, मुरमाड हे मातीचे शब्द, वाऱ्याचे, ढगांचे, तणांचे शब्द, ही आमची निरीक्षणं आहेत. ते शब्द गेले की त्यातलं बघणंही जातं.

उलट बाजू

संमेलन बंद करा, असं मी म्हणत नाही. मी स्वतः दोन संमेलनांच्या पुस्तक दालनातून पोतंभर पुस्तकं आणलीत. तालुक्याच्या पोराला मोठा लेखक डोळ्यानं बघायला मिळतो, कविसंमेलनात पहिल्यांदा माईकसमोर उभं राहायला मिळतं, ही लहान गोष्ट नाही. ना. धों. महानोर पळसखेडला शेती करता करता कवी झाले, आनंद यादवांचं 'झोंबी' शेतातल्या पोराच्या शिकण्याच्या धडपडीतून आलं. आपल्यातला माणूस लिहू शकतो, हे कळायला असं काही दिसावं लागतं.

अन् आपलीही चूक आहे. राजकीय सभा असली तर आपण हातातलं काम टाकून जातो. मोबाईलवर रात्री दोन तास जातात. वेळ सोयीची केली तरी सगळे येतील, असं नाही. आमच्या श्रावणातही अर्धं गाव आलं नाही. शिवाय माझं पीक कॅलेंडर मराठवाड्यातल्या कोरडवाहूचं आहे. द्राक्षवाल्याचं वेगळं, भातवाल्याचं वेगळं. म्हणून तारीख ज्याच्या त्याच्या तालुक्यानं ठरवावी, ठरवताना चार शेतकऱ्यांना विचारावं, एवढंच.

सरकारनं काहीच केलं नाही, असंही नाही. महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. पुस्तकं शेतकऱ्यांच्या घरात, ओसरीवर ठेवली. पुस्तक मंडपातून उचलून घरात नेलं, ही कल्पना मला आवडते. पण भिलारला पर्यटक आहेत. आमच्या गावात पर्यटक येणार नाही, इथे वाचणारा गावचाच पाहिजे, अन् त्यासाठी कपाटाचं कुलूप उघडं पाहिजे.

माझं उत्तर

तर समितीला मी उद्या लेखी देणार आहे. वर्गणी देतो, बैलगाडीचंही बघतो. पण पुढच्या गोष्टी मांडून:

१. गाडी घेऊन येणारा माणूस मंडपाच्या दारातून परत जाणार नाही. त्याला खुर्ची, अन् त्याला काही सांगायचं-म्हणायचं असेल तर पंधरा मिनिटं. कवीला जे मानधन तेच त्याला. ओवी म्हणणाऱ्या आजीलाही तेच.

२. निदान एक सत्र रात्री आठनंतर, मंडपाबाहेर, एखाद्या गावच्या पारावर. त्या रात्री त्या गावच्या फिडरला लाईट कधी आहे, हे आधी बघून.

३. जमलेल्या वर्गणीतला काही भाग तालुक्यातल्या क अन् ड वर्गाच्या वाचनालयांना. रोख नको, पुस्तकं द्या, अन् कुठली द्यायची ते गावाला विचारा. मंडपाची एक कमान कमी केली तरी दोन कपाटं भरतील.

४. संमेलनात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी प्रत्येकी एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज मोबाईलवर भरून आणावा, गावाचं अन् सालाचं नाव लिहून. तो गावच्या वाचनालयात ठेवावा. याला पैसा लागत नाही.

५. पुढच्या वर्षी तारीख ठरवायच्या बैठकीत तीन शेतकरी असावेत, त्यात एक बाई.

हे मान्य केलं नाही तरी वर्गणी देईन, कारण माणसं माझीच आहेत. बैलगाडी मात्र देणार नाही. गावात आता दोनच बैलजोड्या उरल्यात, त्यातली एक फोटोपुरती पाठवायला माझं मन होत नाही.

कृषी सहायक मित्रांना एक विनंती. येत्या खरिपात शेतीशाळेचा वर्ग संपला की अर्धा तास काढा. एक गोष्ट वाचा, शंकर पाटलांची वाचा, व्यंकटेश माडगूळकरांची वाचा. नाहीतर कोणाला तरी एक गाणं म्हणू द्या. लोक उठून गेले तर पुढच्या वेळी करू नका. मला वाटतं, जाणार नाहीत.

अन् माझं स्वतःचं. आबांच्या घरच्या आजी आहेत अजून. परवा सहज बोलताना म्हणाल्या, मोटेची त्यांना येत नाहीत, ती ह्यांची, पण दळणाच्या ओव्या अन् काढणीची भलरी येते. परवा तुरीची रास आहे, तरी उद्या दुपारी अळ्या मोजून झाल्या की त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. मुलाला सांगितलंय, मोबाईल पूर्ण चार्ज करून ठेव, जागा रिकामी करून ठेव.

तुमच्या शिवारात कोणाला मोटेची गाणी येत असतील तर रास होईपर्यंत थांबू नका.

पाणी पोचलं, दारं मोडायला जातो. सापळ्याचे आकडे परवा टाकतो. राम राम.